हिशेबाची वही आणि कृपेचा झरा

रविवारची शेवटची मिस्सा संपली, की चर्चच्या दारात उभे राहून भाविकांशी चार शब्द बोलण्याचा आमचा परिपाठ आहे. धर्मग्राम बदलले, माणसे बदलली. पण दारात विचारले जाणारे प्रश्न बदलले नाहीत. 'फादर, शनिवारी संध्याकाळी मिस्सा केली तर ती रविवारची धरली जाते ना?' 'शुभवर्तमान वाचून झाल्यावर पोचलो. आमची मिस्सा झाली की नाही?' 'नऊ पहिल्या शुक्रवारांपैकी सहावा आजारपणात चुकला. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल काय?' 'उपवासकाळात मांस सोडले आहे, परंतु ऑफिसच्या जेवणात न कळत खाल्ले गेले. सगळे वाया गेले काय?'

या प्रश्नांची आम्ही थट्टा करीत नाही. जो विचारतो, त्याला देवाची चाड असते. ज्याने चर्चची पायरीच सोडली, तो कशाला विचारील? पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही या प्रश्नांना उत्तरे देत आलो आहोत. धर्मसभेचा कायदा सेमिनरीत शिकलो असल्यामुळे उत्तरे तोंडपाठ आहेत. 'चालेल', 'चालणार नाही', 'धरली जाईल', 'धरली जाणार नाही'. परंतु या साऱ्या प्रश्नोत्तरांच्या मुळाशी एक अधिक मोठा प्रश्न दडलेला असतो, आणि तो दारात कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आम्हांला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारला. त्याचे उत्तर आम्ही चुकलो. त्या चुकीची कबुली म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

वाळवीने खाल्लेली पाने

आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ होते. केळीची आणि पानवेलीची वाडी त्यांनी आयुष्यभर शिंपली. पहाटेची मिस्सा त्यांनी सहसा चुकविली नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आम्हांला बोलावून घेतले. रुग्णाभ्यंगाचा संस्कार झाला, ख्रिस्तशरीर देऊन झाले, घरची मंडळी बाहेर ओटीवर गेली. मग त्यांनी उशाखालून एक दोनशे पानी वही काढली. शाळेच्या पोरांची असते तशी. आत शिसपेन्सिलीने रकाने आखलेले होते. मिस्सा, जपमाळा, पहिले शुक्रवार, उपवास, दानधर्म. एका पानावर यात्रा लिहिल्या होत्या: वांद्र्याची मोतमावली, वेलंकणी, आणि जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन. महिन्याच्या शेवटी बेरीज, वर्षाच्या शेवटी पुन्हा बेरीज.

'फादर,' ते म्हणाले, 'पुरेल ना?'

आम्ही त्यांचा हात हाती घेऊन म्हणालो, 'बाबा, तुम्ही एवढे केलेत, तुम्हांला कसली भीती? देव हे सारे विसरेल काय?' आम्हांला वाटले, आपण मोठा दिलासा दिला. परंतु म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची चिंता तसूभरही कमी झाली नाही. वहीची मधली पाने उलगडून ते हळूच म्हणाले, 'या दोन वर्षांची पाने वाळवीने खाल्ली, फादर. ती देवाच्या लक्षात असतील ना?'

त्या दिवशी स्कूटरवरून परत येताना वाटेत ते वाक्य आमच्या कानांत घुमत राहिले. साठ-सत्तर वर्षे ज्याने देवाची इतकी सेवा केली, त्याला मरताना वाळवीचे भय वाटावे! आणि आम्ही, त्याचा धर्मगुरू, त्याला आधार कशाचा दिला? त्याच वहीचा! ज्या वहीने त्याला भयभीत केले होते, तिच्याकडेच बोट दाखवून आम्ही त्याला धीर देऊ पाहत होतो. येशू ख्रिस्ताचे नावसुद्धा आमच्या त्या उत्तरात आले नव्हते.

धर्माचरण आणि श्रद्धा

धर्माचरण म्हणजे माणसाने देवासाठी जे करावयाचे ते. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे देवाने माणसासाठी जे केले आहे, त्यावर आपला सारा भार टाकणे. दोहोंत वैर नाही. परंतु क्रम आहे. देवाचे करणे आधी, माणसाचे करणे नंतर. देवाचे करणे हे मूळ, माणसाचे करणे हे त्याचे फळ. हा क्रम उलटला, की तीच मिस्सा, तीच जपमाळ, तोच उपवास यांचा अर्थ पालटतो. क्रम सरळ असताना जे आभारप्रदर्शन होते, ते क्रम उलटला की कर्जफेड होते. आणि हे कर्ज असे, की ते फेडण्याची ऐपत कोणाही माणसाजवळ नाही.

वसईच्या बागायतदारांना एक दाखला सहज पटेल. एके काळी आपल्या वाड्यांतून विहिरींवर रहाट चालत. बैल फिरे, चाक फिरे, मडकी भरून वर येत आणि पाटाला पाणी लागे. रहाट आवश्यक होता. तो बंद पडला तर झाडे सुकत. पण रहाटाने पाणी कधी निर्माण केले आहे काय? पाणी झऱ्याचे. रहाटाचे फेरे मोजून कोणी म्हणू लागला, 'आज मी हजार फेरे केले, म्हणून इतके पाणी माझे,' तर शेजारचा पोरही हसेल. सोळाव्या शतकातील स्पेनमधील महान संत आविलाची तेरेजा हिने प्रार्थनाजीवनाचे वर्णन करताना बाग शिंपण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी वळविणे, आणि शेवटी पाऊस. पहिल्यात श्रम फार, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात त्याहून कमी. आणि पाऊस पडतो तेव्हा माळ्याला काहीच करावे लागत नाही. चारही प्रकारांत पाणी मात्र देवाचेच.

परुशी खोटे बोलत नव्हता

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परुशी आणि जकातदार यांची कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे, की परुशी म्हटला की ढोंगी, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु कथा नीट वाचली तर ध्यानात येते, की तो परुशी खोटे बोलत नव्हता. आठवड्यातून दोन उपवास तो खरोखरच करीत असला पाहिजे, उत्पन्नाचा दशांश तो खरोखरच देत असला पाहिजे. आमच्या धर्मग्रामात असा माणूस असता, तर आम्ही त्याला आनंदाने पॅरिश कौन्सिलवर घेतले असते! त्याची चूक उपवासात नव्हती. मंदिरात येऊन त्याने देवापुढे वही उघडली, आणि उघडता उघडता शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वहीत डोकावून पाहिले, ही त्याची चूक. जकातदाराजवळ दाखविण्यासारखे काहीच नव्हते. त्याने फक्त दया मागितली. प्रभूने निवाडा दिला, की देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

उधळ्या पुत्राच्या कथेतही तेच. धाकट्याची उधळपट्टी सर्वांना दिसते. थोरल्याचे दुःख फार थोड्यांना दिसते. इतकी वर्षे राबलो आणि एक करडूही वाट्याला आले नाही, अशी त्याची तक्रार आहे. तो बापाच्या घरात राहिला खरा, पण मुलगा म्हणून नव्हे, मजूर म्हणून राहिला. बापाचे सर्व काही आधीपासून त्याचेच होते, ही गोष्ट त्याच्या कधी गावीही नव्हती. घर सोडून गेलेल्याला परत यायला वाट होती. घरातच परका झालेल्याने कोठून परत यावे? म्हणून बाप स्वतः बाहेर आला आणि त्याची मनधरणी करू लागला. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते उत्तर बहुधा आपण द्यावयाचे आहे.

संत पौलाने तर जमाखर्चाचीच भाषा वापरली आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जमेच्या बाजूचा पाढा वाचतो: आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचा वंश, बन्यामीनचे कूळ, नियमशास्त्राच्या पालनात परुशी. आणि मग सांगतो, की ख्रिस्ताची ओळख झाल्यावर ही सारी जमा त्याने खर्ची टाकली. ध्यानात घ्या, त्याने आपली पापे खर्ची टाकली असे तो म्हणत नाही. आपले पुण्य खर्ची टाकले असे म्हणतो. पाप सोडणे कठीण खरे, परंतु आपल्या पुण्यावरचा भरवसा सोडणे त्याहूनही कठीण.

ही आपल्याच धर्मसभेची शिकवण

कृपेवर इतका भर दिला, की काही भाविक दचकतात. ही तर प्रॉटेस्टंट बांधवांची भाषा, असे त्यांना वाटते. हा समज खरा नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस नावाचा एक तपस्वी शिकवू लागला, की माणसाने मनावर घेतले तर तो स्वतःच्या बळावर देवाच्या सर्व आज्ञा पाळू शकतो. पेलागियस दुराचारी नव्हता. उलट रोममधील ख्रिस्ती लोकांची शिथिलता पाहून तो व्यथित झाला होता. त्याला उत्तर दिले संत ऑगस्टिन यांनी. आपल्या 'कबुली' या ग्रंथात त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितलाच होता: जी आज्ञा देव देतो, ती पाळण्याचे बळही त्यानेच दिले पाहिजे. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची शिकवण अमान्य केली. इ. स. ५२९ मध्ये ऑरेंज येथील परिषदेने याही पुढे जाऊन सांगितले, की श्रद्धेचा पहिला अंकुरसुद्धा, देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा, कृपेचेच दान आहे.

प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या महापरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या विषयावर आपला आदेश संमत केला. सत्कृत्ये निरर्थक आहेत, हे मत तिने ठामपणे नाकारले. पण त्याच आदेशात तिने हेही तितक्याच ठामपणे सांगितले, की ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कृत्यांनी कोणीही देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही, आणि ती पहिली कृपा कोणीही कमवू शकत नाही. आपण ज्याला पुण्य म्हणतो, तेही मुळात देवाने आपल्याला दिलेले दानच होय. साडेचारशे वर्षांनंतर, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक धर्मसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ साली मेथडिस्टही त्यात सामील झाले. सारे मतभेद मिटले असे नव्हे. पण आपला स्वीकार आपल्या गुणांमुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेने आणि निव्वळ कृपेने होतो, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले.

पवित्र कम्युनियनच्या बाबतीतही हाच धडा धर्मसभेला पुन्हा गिरवावा लागला. एके काळी असे मानीत, की अत्यंत शुद्ध झालेल्यानेच, तेही वर्षातून क्वचित, ख्रिस्तशरीर घ्यावे. पोप संत दहावे पायस यांच्या कारकिर्दीत १९०५ साली निघालेल्या आदेशाने हा गैरसमज दूर केला. प्रभुभोजन हे सद्गुणांबद्दल दिलेले बक्षीस नव्हे, तर दुर्बलांसाठी असलेले औषध आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ च्या आपल्या प्रेरितिक आवाहनात हीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि २०१८ साली पवित्रतेवर लिहिताना पेलागियसचा जुना रोग आजच्या धर्मसभेत नव्या रूपाने वावरत असल्याचा इशारा दिला.

धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा होता

या सत्याची साक्ष देणारी एक मराठी व्यक्ती आहे. पंडिता रमाबाई यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ. सारे कुटुंब तीर्थामागून तीर्थे पायी फिरले. पुराणे सांगावी, नद्यांत स्नाने करावी, उपवास करावे, जवळ होते ते दानधर्मात द्यावे, असा त्यांचा क्रम. अखेर दुष्काळ आला आणि आईवडील अन्नान्नदशेत निवर्तले. या सर्वाचे वर्णन रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत केले आहे.

येथे हिंदू धर्माकडे बोट दाखविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. कोरड्या कर्मकांडाला आपल्या मराठी संतांनी किती कठोर शब्दांत सुनावले आहे, हे मराठी वाचकांस सांगायला नको. आम्हांला जे सांगावयाचे आहे, ते त्या साक्षीच्या पुढच्या भागात आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्या अँग्लिकन पंथात आल्या. पुढे त्यांनी शारदासदन काढले, विधवांसाठी झटल्या, प्रार्थना केल्या, बायबल वाचले. आणि तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून मिळालेला नाही. धर्म बदलला होता. वही तीच राहिली होती! केवळ रकान्यांची नावे पालटली होती.

त्यांना विचार करावयास लावणाऱ्या पुस्तकांत हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन होते. या हॅस्लमचा अनुभव आम्हां धर्मगुरूंना विशेष अंतर्मुख करणारा आहे. कॉर्नवॉलमधील आपल्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे सेवा केल्यावर, १८५१ साली एके दिवशी प्रवचन करता करता, स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे परिवर्तन झाले. तोवर तो जे इतरांना सांगत होता, ते त्याने स्वतः कधी ऐकलेच नव्हते. वेदीपाशी उभे राहणाऱ्यालाही कृपा अनोळखी असू शकते, हे आम्ही या घटनेवरून शिकलो.

आमचीही एक वही होती

म्हाताऱ्या बाबांच्या वहीविषयी आम्ही लिहिले; आता आमच्या वहीविषयी लिहिणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण आई, कडेवर तान्हे मूल घेऊन, पॅरिश ऑफिसात आली. मुलाचा बाप्तिस्मा करावयाचा होता. लग्नानंतर तिचे कुटुंब चर्चपासून दूर गेले होते. आम्ही मुलाचे नाव विचारले नाही. कुटुंबांचे रजिस्टर काढले, पान उलटले आणि विचारले, 'इतकी वर्षे कोठे होतात?' तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मूल सावरले, आणि 'पुन्हा येते, फादर,' म्हणून ती निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

आमचा प्रश्न नियमाला धरूनच होता. पालकांची तयारी पाहणे हे धर्मगुरूचे कर्तव्यच आहे. पण ते कर्तव्य बजावण्यापूर्वी बापाने काय केले होते? मुलगा दूर असतानाच तो धावत गेला होता. त्याने रजिस्टर काढले नव्हते. जो माणूस स्वतःच्या वहीवर जगतो, तो दुसऱ्याची वही तपासल्यावाचून राहूच शकत नाही, याचा हा पुरावा आम्ही आमच्याच हाताने तयार केला. ज्याला आपल्यावर झालेल्या दयेचा विसर पडला, त्याच्या हातून दया होत नाही. हिशेबी धर्माचे खरे नुकसान हेच आहे. तो माणसाला मरताना भित्रा करतो आणि जगताना कठोर करतो.

मग धर्माचरण कशाला?

येथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील: कृपा फुकट असेल, तर पहाटे उठून मिस्सेला कशाला जावे? उपवासकाळात जिभेला लगाम कशाला घालावा?

प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी दिलेले आहे. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि बहुतेक पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. मोजके धर्मगुरू आणि विखुरलेली गावे, अशा स्थितीत आपल्या लोकांचा विश्वास टिकला तो कशावर? त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते. घराघरांतील संध्याकाळची जपमाळ, गावच्या क्रूसापाशी केलेली प्रार्थना, पाळलेले सण आणि धरलेले उपवास, यांनी तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्या पोचविला. रहाट फिरत राहिला म्हणून झऱ्याचे पाणी आपल्यापर्यंत आले. ज्यांनी रहाट मोडून टाकला आणि 'आमचा झऱ्यावर विश्वास आहे' असे म्हटले, त्यांची नातवंडे आज तहानलेली आहेत, हेही आम्ही पाहतो.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल सांगतो, की आपले तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे. ते कर्मांचे फळ नव्हे, म्हणून कोणी बढाई मारू नये. पण लगेच पुढच्याच वचनात तो सांगतो, की सत्कर्मांसाठीच आपल्याला ख्रिस्तामध्ये नव्याने निर्माण केले आहे. कर्मांनी तारण नव्हे, कर्मांसाठी तारण! संत याकोबाने कर्मावाचून असलेल्या विश्वासाला मृत म्हटले, तेही याच अर्थाने. जिवंत झाडाला फळे येतात. पण फळे बांधल्याने वाळलेले झाड जिवंत होत नाही. जर्मन लुथरन धर्मगुरू डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्वस्त करून टाकलेल्या कृपेविरुद्ध लिहिले आणि १९४५ मध्ये नाझींच्या हातून फाशी जाऊन त्या लिखाणाची किंमत चुकती केली. कृपा आपल्याला फुकट मिळते, पण ती स्वस्त नाही. तिचे मोल क्रूसावर दिले गेले आहे.

संस्कारांचेही तेच. मिस्सा हे प्रथमतः आपण देवाला दिलेले काही नव्हे. ख्रिस्ताने एकदाच केलेले आत्मबलिदान तेथे आपल्यापुढे मांडले जाते आणि आपण त्यात सामील होतो. आपण हात पसरून ख्रिस्तशरीर घेतो, ते उगाच नव्हे. ती भिकाऱ्याची मुद्रा आहे. छोटी तेरेजा, जिला आपण लिटल फ्लॉवर म्हणतो, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि तेथील कडक नियम तिने अखेरपर्यंत पाळले. पण १८९५ साली स्वतःला देवाच्या दयेला वाहून घेताना तिने देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहण्याची इच्छा दर्शविली. तिने नियम सोडले नाहीत. नियमांवरचा भरवसा सोडला. दोन वर्षांनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती वारली. १९९७ साली पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी तिला धर्मसभेच्या आचार्यांत स्थान दिले.

तेव्हा प्रश्न, मिस्सेला जावे की जाऊ नये, हा नाहीच. प्रश्न आहे, कोण म्हणून जावे: मजूर म्हणून की मूल म्हणून? याची पारख करण्यासाठी आम्ही स्वतःला काही प्रश्न विचारू लागलो आहोत. एखादे दिवशी प्रार्थना चुकली, तर मनात हुरहुर दाटते की भय? आपल्याहून कमी धार्मिक असलेल्या माणसाला सुख लाभले, तर आनंद होतो की राग येतो? दारू सोडून आलेला, संसार मोडून आलेला कोणी शेवटच्या बाकावर बसलेला दिसला, तर आपण सरकून त्याला जागा देतो, की मान वळवून पाहतो? या प्रश्नांची उत्तरे वहीत सापडत नाहीत.

दुसरी भेट

त्या बाबांकडे आम्ही तीन दिवसांनी पुन्हा गेलो. ते फारसे बोलण्याच्या स्थितीत नव्हते, पण शुद्धीवर होते. आम्ही म्हणालो, 'बाबा, परवा मी तुम्हांला चुकीचे उत्तर दिले. आज एक विचारू? तुमचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तुमचे वय काय होते?'

'नऊ दिवस,' ते म्हणाले. 'आई सांगायची.'

'त्या दिवशी तुमच्या वहीत काय काय लिहिले होते?'

ते बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग अगदी हलकेच म्हणाले, 'काही नाही.'

'आणि तरी देवाने त्या दिवशी तुम्हांला आपला मुलगा म्हटले. तुम्ही एकही मिस्सा केलेली नव्हती, एकही मणी ओढलेला नव्हता. बाबा, पुरेल काय, असे तुम्ही विचारलेत. वही पुरणार नाही. माझीही पुरणार नाही. ख्रिस्त पुरेल.'

ते काही बोलले नाहीत. त्यांनी आमचा हात थोडा वेळ धरून ठेवला, एवढेच. त्यांच्या मनात काय झाले, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आठवड्याभरातच ते गेले. घरच्यांनी सांगितले, की त्यानंतर त्यांनी वही मागितली नाही. जपमाळ मात्र शेवटपर्यंत हातात होती.

वाचकहो, येणाऱ्या उपवासकाळात कपाळावर राख घेताना, क्रूसाच्या वाटेवर चालताना, शुक्रवारी ताटातला घास बाजूला ठेवताना, आपण हे सारे अवश्य करू या. अधिक मनापासून करू या. पण करताना रकाने आखू नयेत. आणि आमच्या रजिस्टरपुढून जी आई मूल सावरत निघून गेली, ती कोठेही असो, तिचे मूल एव्हाना कोठेतरी देवाचे मूल झालेले असो, आणि तिला आमच्याहून अधिक दयाळू धर्मगुरू भेटलेला असो, अशी आम्ही प्रभूला नित्य प्रार्थना करतो. या प्रार्थनेची नोंद आम्ही कोठेही ठेवलेली नाही.